पहिली ते चौथीच्या मुलांना निदान झाडाखाली तरी शिकू द्या: शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर,
आणि प्राथमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक यांस,

दि. ३ फेब्रुवारी २०२१

स. न. वि. वि.

करोनामुळे बंद झालेल्या शाळांत नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरला सुरू झाले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारीला. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र अजून कुणी तारीख सांगितलेली नाही. माझी मुलगी दुसरीत आहे, म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. मी स्वतः डी.एड. केलं आहे, पण नोकरी लागली नाही. शिरोळ तालुक्यात घरी शिवणकाम करते. शिकवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे आणि ते घरच्या घरी मोबाइलवर का होत नाही हेही मी दहा महिने डोळ्यांनी बघते आहे.

आमच्या भागातल्या या मुलांचं नशीब जरा वेगळंच निघालं. ती पहिलीत गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. गावच्या शाळेत पाणी शिरलं. ओसरल्यावर बाकांवर चिखलाचा थर होता, वह्या-पुस्तकं वाहून गेलेली. शाळा परत रुळावर यायला दिवाळी उजाडली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, परीक्षा रद्द झाल्या आणि मुलं वरच्या वर्गात ढकलली गेली. म्हणजे वर्ष पहिलीचं असो की दुसरीचं, या मुलांच्या वाट्याला सलग शाळा आलीच नाही. कागदोपत्री ती दुसरीत आहेत, एवढंच.

गेल्या रविवारी, ३१ जानेवारीला, सकाळी धाकट्याला पोलिओचा डोस पाजला आणि आम्ही घरची माणसं कणेरी मठावर गेलो. वर्षभरात देवळं, लग्नं, जत्रा सगळं चुकलं होतं. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली, संग्रहालयांनाही नोव्हेंबरातच परवानगी मिळाली, तरी आमचा धीर होत नव्हता, कारण घरात सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. शेवटी उघड्यावरची जागा म्हणून कणेरी ठरली. भाकरी, झुणका, दही बांधून घेतलं, पाणी घरचं, मास्क जादा घेतले. बाहेर काही खायचं नाही असं आधीच ठरवून निघालो.

ज्यांनी ती जागा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत कणेरीचा मठ आहे. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून तिथं २००७ मध्ये सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम उभं राहिलं. सुमारे सात एकरांवर सिमेंटचं एक जुनं खेडं वसवलं आहे. माणसं, बैल, शेळ्या, कोंबड्या, घरं, अंगणं, सगळं खऱ्याएवढ्या आकाराचं. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, सोनार आपापल्या जागी कामात आहेत. बायका जात्यावर बसल्या आहेत, शेतात नांगर चालला आहे. एका देखाव्यापासून दुसऱ्याकडे वाट पुढे पुढे जाते आणि वर आभाळ मोकळं आहे. पुढचं कुटुंब हललं की आपण जायचं, मागचे आपसूक थांबतात. कुणी शिट्टी वाजवायची गरज पडली नाही. मुलांनीही अंतर पाळलं, कारण लांबूनही सगळं नीट दिसत होतं.

न्हाव्याच्या देखाव्यापाशी जे झालं ते मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण या पत्राचं कारण तेच आहे.

मुलगी पाट्या वाचत चालली होती. 'लोहार' वाचलं, 'सुतार' वाचलं. 'कुंभार'पाशी अनुस्वारावर जरा अडखळली, पण निभावलं. 'न्हावी'पाशी अडली. जोडाक्षर तिला येत नाही. दुसरी संपत आली तरी तिला जोडाक्षर येत नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. घरी अभ्यासाचे फोटो वेळच्या वेळी जातात, उत्तरादाखल अंगठे येतात, त्यात हे दिसत नव्हतं. ती 'न' म्हणाली, 'ह' म्हणाली, मग गप्प झाली. मग तिनं पाटीवरची नजर काढून पुतळ्याकडे बघितलं. एक माणूस मान वाकवून बसलेला, दुसऱ्याच्या हातात वस्तरा. "न्हावी!" ती ओरडली. मी तिला तिथंच खाली बसवलं, तिचं बोट धरलं आणि मातीत 'न्ह' गिरवून घेतला. आधी अर्धा न, मग ह चिकटवायचा. पुन्हा एकदा. मग तिनं हात सोडवून घेतला आणि एकटीनं काढला.

पाच मिनिटांचं काम. ते वर्षभरात झालं नव्हतं.

पुढे कासाराच्या देखाव्यापाशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रेंगाळल्या. सिमेंटचा कासार एका बाईच्या हातात काकणं भरतो आहे. आत्याबाई नातीला सांगायला लागल्या, "हात सैल सोड म्हणायचा कासार. मूठ आवळली की काकण पिचायचं अन् हातात घुसायचं. अंगठ्याच्या सांध्यापाशी दाबून दाबून वर सरकवायचा." नातीनं आपला हात पुढे केला आणि आत्याबाईंनी तिचा पंजा दाबून दाखवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या खेड्यातला निम्मा व्यवहार हाताच्या अंतरावर चालतो. हजामत असो की काकणं, लांबून व्हायची नाहीत. नाडी बघणारा वैद्यही मनगट धरणारच. आणि पहिली-दुसरीचं शिकवणं याच जातीचं काम आहे. बाई मुलाच्या मागे वाकून त्याचा हात धरते, पेन्सिल कशी धरायची ते दाखवते, ओठांकडे बघून 'श' आणि 'स' वेगळे करून घेते. आठवीच्या मुलाला पडद्यावर बीजगणित कळू शकेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षर पडद्यावरून हातात येत नाही. ज्यांना शाळेची गरज सगळ्यात जास्त, त्यांचीच शाळा सगळ्यात शेवटी ठेवली आहे, माझं म्हणणं एवढंच आहे.

नुसतं अक्षरच नाही. लोहाराचा भाता, ऐरण, तापलेल्या लोखंडाला पाणी देणं हे सगळं बघून झाल्यावर मुलीनं विचारलं की याला पैसे कोण देतं. आत्याबाई म्हणाल्या, पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं द्यायचं, धान्य. मग मापं निघाली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. "मग पायलीत चिपटी किती?" हा प्रश्न आजीनं घातला आणि नातीनं वाळलेल्या शेंगा मांडून सोळा हे उत्तर काढलं. दुसरीच्या गणितात याहून वेगळं काय असतं? आम्ही शिक्षणशास्त्रात ज्याला कृतीयुक्त अध्यापन म्हणून पानं भरून लिहिलं, ते चौथी शिकलेल्या आत्याबाईंनी उन्हात उभ्या उभ्या केलं.

मी मुलीला हेही सांगितलं की जुन्या गावात काही घरं वेशीबाहेर होती, त्यांना पाणवठ्यावर हात लावायची बंदी होती आणि शाळेत वेगळं बसवत. सिमेंटचं गाव बघून मुलांनी तो काळ नुसता गोड होता असं समजू नये म्हणून सांगितलं. आणि याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकत्र बसवलं. त्या मुलखात आज आम्ही पालक मूल पाठवायला तयार आहोत आणि दार बंद आहे.

शासनानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' ही मुलांची शैक्षणिक मालिका लागली, ती चांगली होती, आमच्या घरी सगळे बघायचे. पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य घरपोच मिळालं. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, मुलं अंतर ठेवून गल्लीत उभी राहून वाचू लागली. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडे लाउडस्पीकर घेऊन वाडीवस्तीवर गोष्टी ऐकवल्या गेल्या. आमच्याच तालुक्यात काही गुरुजी पारावर, देवळाच्या ओवरीत चार-पाच मुलं घेऊन बसले, कुणी सांगितलं नसताना. पण हे सगळं ज्याच्या त्याच्या हिमतीवर चाललं आहे. उद्या एखादं मूल तापलं तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं बाकीचे मागे राहतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात कागद नाही.

आणि मोबाइलचं म्हणाल तर आमच्या घरात स्मार्टफोन एकच आहे. तो यांच्या खिशात असतो, हे दिवसभर उसाच्या रानात. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा त्यावर दिवसभराचा अभ्यास साठलेला असतो आणि मूल झोपेला आलेलं असतं. ज्यांच्या घरी दोन-तीन मुलं आहेत तिथं मोठ्याचा दहावीचा अभ्यास आधी, हे ओघानं आलंच. शेजारच्या ऊसतोड मजुरांच्या खोपटांत तोही प्रश्न नाही, तिथं फोन साधा आहे आणि मुलं फडावर आहेत.

आजाराची भीती मला कमी वाटते असं कृपा करून समजू नका. सप्टेंबरात जिल्ह्यात बेडसाठी लोक कसे वणवण फिरले ते आम्ही बघितलं. आमच्या गल्लीतलं एक माणूस गेलं, त्याला खांदा द्यायलाही कुणाला जाता आलं नाही. म्हणूनच मी वर्ग उघडा असं म्हणत नाही. चार भिंतींच्या खोलीत तीस-चाळीस मुलं कोंबू नका, हे मलाही पटतं. हा आजार बंद जागेत, गर्दीत, जास्त वेळ एकत्र बसल्यानं जास्त पसरतो आणि मोकळ्या हवेत त्याचा धोका बराच कमी असतो, हे आता सगळीकडे मान्य झालं आहे. मग खोली आणि शाळा या दोन गोष्टी आपण वेगळ्या का करत नाही? खोली बंद राहू दे, शाळा बाहेर भरू दे.

हे नवं नाही. क्षयाच्या भीतीपोटी १९०४ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग इथं अशक्त मुलांसाठी रानातली शाळा काढली होती आणि मग युरोप-अमेरिकेत तशा शाळा निघाल्या. शांतिनिकेतनात १९०१ पासून मुलं झाडाखाली शिकतात. आमच्या पणज्या सांगायच्या की प्लेग आला की गाव रिकामं करून लोक रानात खोपटं घालून राहायचे. मोकळ्या हवेचा हा शहाणपणा आपल्याकडे होताच. शिवाय आपल्या प्राथमिक शाळांना पटांगण आहे, बहुतेक ठिकाणी चिंच, वड, कडुनिंब आहे. फेब्रुवारीत पाऊस नाही. आमच्याकडे या महिन्यात सकाळी आठ ते अकरा बाहेर बसायला याहून चांगली हवा वर्षात मिळत नाही.

१४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि १५ जानेवारीला मतदान झालं. आमच्या गावात मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीतच होतं. रांगा लागल्या, अंतर पाळलं, हाताला सॅनिटायझर लावलं, शाई लावली, बटण दाबलं. निवडणुकीच्या कामावर शिक्षकच होते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या करोनाच्या पाहणीच्या वेळी घरोघरी फिरण्यातही ठिकठिकाणी शिक्षक होते. परवा पोलिओचा डोसही रांगेत, अंतर ठेवून पाजला गेला. म्हणजे व्यवस्था लावता येते, ती माणसंही आपल्याकडे आहेत आणि तीच माणसं मुलांची शिक्षक आहेत. मतदानासाठी ज्या शाळेचं कुलूप निघालं, तिच्या मागच्या पटांगणात दहा मुलांना बसायला परवानगी मिळावी ही मागणी मोठी आहे का?

माझी विनंती अशी. पहिली ते चौथीसाठी उघड्यावरच्या वर्गांना परवानगी देणारं परिपत्रक काढा. सक्ती नको. नववी-दहावीच्या मुलांसाठी जसं पालकांचं संमतीपत्र घेतलं, तसं घ्या. ज्या गावात रुग्ण आहेत तिथं थांबवा, निर्णय मुख्याध्यापक, सरपंच आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मिळून घ्यावा. दहा-बारा मुलांचा गट, एक दिवसाआड, दोन-अडीच तास, जेवण नाही, खाऊ वाटायचा नाही. एवढ्या वेळात फक्त वाचन, लेखन आणि अंकांचं काम व्हावं. पाठ्यपुस्तक संपवायच्या मागे लागू नये. मूल कुठं अडलं आहे ते आधी बघावं, कारण माझी खात्री आहे की घरोघरी 'न्हावी'पाशी अडलेली मुलं आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना ते माहीत नाही.

ज्या गुरुजींना, बाईंना मधुमेह, दमा, रक्तदाब आहे किंवा ज्यांचं वय जास्त आहे, त्यांना यात ओढू नये. त्यांनी घरून नियोजन करावं. त्यांच्या जागी गावातल्या डी.एड., बी.एड. झालेल्या मुलीबाळींना मदतनीस म्हणून घ्या. आमच्या एका गावातच आम्ही चौघी-पाचजणी आहोत. भरतीची वाट बघत वर्षं गेली. मानधन द्याल ते द्या, दोन महिन्यांसाठी तर बिनमानधनाचंही करू, पण आमच्या हातात विभागाचं पत्र असू द्या, म्हणजे पालक विश्वासानं मूल पाठवतील.

आणि सहलीचं. यंदा सहली रद्दच समजून सगळे बसले आहेत. लांबच्या, मुक्कामाच्या सहली नकोतच. पण जिल्ह्यात कणेरीसारखी मोकळी जागा आहे, पन्हाळा आहे, आमच्याकडे खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. एक वर्ग, निम्म्या सीटवर भरलेली एसटी, घरचा डबा, सकाळी जाऊन दुपारी परत. वर्षभर चार भिंतींत कोंडलेल्या मुलाला एका सकाळी जे दिसेल ते पंधरा दिवसांच्या अभ्यासाला पुरेल. कणेरीहून परतल्यापासून माझी मुलगी रोज अंगणात एक जोडाक्षर काढते आहे, मी सांगितलेलं नाही. काल 'च्या' काढून विचारत होती, चहाचा 'च्या' असाच का. परवा तिनं शेजारच्या दोघींना घेऊन अंगणात कासाराचं दुकान मांडलं होतं, मापट्या-चिपट्यांच्या हिशोबानं. ती मुलं शिकायला आसुसलेली आहेत.

पालक म्हणून आमच्याकडून काय हवं ते सांगा. सकाळी पटांगण झाडून, पाणी मारून ठेवू. हात धुवायला बॅरल आणि साबण गावातून उभा करू. मुलांचे मास्क मी शिवून देते, तो माझा धंदाच आहे, कापड कुणी दिलं तर शिलाई घेणार नाही. बसायला ज्यानं त्यानं आपलं पोतं घरून आणायचं आणि घरी न्यायचं. तापमान बघायची बंदूक ग्रामपंचायतीनं घेतलेली आहे, ती कपाटात पडून आहे.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी. आमच्या शाळेच्या मागे चिंचेखाली सावली असते ती सकाळी अकरापर्यंत. मार्चच्या मध्यापासून आमच्याकडे ऊन चढायला लागतं आणि मग उघड्यावर दोन तास बसणं लहान मुलांना झेपणार नाही. जूनमध्ये पाऊस. म्हणजे हाताशी फार तर दीड महिना आहे. परिपत्रक काढायचं तर ते याच आठवड्यात निघायला हवं. गावातल्या अकरा पालकांनी संमतीपत्रं लिहून माझ्याकडे दिली आहेत, ती सोमवारी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जमा करते आहे.

आपली,
दुसरीतल्या एका मुलीची आई
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर